बकऱ्यानं अंग झाडलं

देवीच्या बकऱ्याला कापायच्या आधी पाणी घालतात. आमच्या वाईच्या पट्ट्यात ही रीत माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात मूठभर हिरवा घास. मग तांब्यातलं पाणी मानेवर, पाठीवर, थोडं कानात. आणि सगळे थांबतात. बायका पदर सावरून, पोरं मोठ्यांच्या पायांतून डोकी काढून. बकऱ्यानं अंग झाडलं की देवीला पोचलं. नाही झाडलं तर घरातला कर्ता पुढं होतो, हात जोडतो, "आई, काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे" म्हणतो आणि पुन्हा तांब्या कलंडतो.

आमचं बकरं पौषात असायचं. मांढरदेवीला काळूबाईच्या गडावर जाऊन नैवेद्य दाखवायचा आणि परत आल्यावर गावाकडं शिवारात बकरं पाडायचं. पौषातली सकाळ म्हणजे तोंडातून वाफ निघते. विहिरीतून नुकतं शेंदलेलं पाणी त्या दिवसांत कोमट लागतं, पण बकऱ्यावर घालायचं ते रात्रभर अंगणात हंड्यात राहिलेलं, हाताला झिणझिण्या आणणारं. त्या पाण्यानं कोण थरथरणार नाही? शेवटपर्यंत नकार दिलेलं बकरं मी तरी पाहिलं नाही. दोन तांब्यांत नाही तर चौथ्या तांब्याला ते अंग झाडायचंच. मग "काळूबाईच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी, आणि मान धरायला दोघं पुढं.

सुरी चालवायचे ते गावचे मुलाणी. पोरंसोरं त्यांना चाचा म्हणत. देवी हिंदूंची, नवस मराठ्यांचा, आणि बकऱ्याच्या गळ्यावर सुरी टेकताना चाचा बिस्मिल्ला पुटपुटत. त्यांच्या हातचं असल्याशिवाय आमच्यातले जुने लोक मटणाला हात लावत नसत. काळूबाईनं या व्यवस्थेबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. चाचांच्या वाट्याचं मटण पाटीत बांधून वेगळं निघायचं, मग भावकीचे वाटे पडायचे, आणि दुपारी शिवारात सागुतीवर पंगती.

ती सागुती मी चवीनं खाल्लेली आहे. मटण मी आजही खातो, त्यामुळं जीवहत्येवर प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही. मला छळतं ते दुसरंच. कांदा-खोबऱ्याचं वाटण झालेलं असतं, चुलीवर आधण ठेवलेलं असतं, पाव्हण्यांना सांगावे गेलेले असतात, मुलाण्यानं सुरीला धार लावलेली असते. म्हणजे बकऱ्याचं मरण आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. तरी पाण्याशिवाय कुणी सुरी चालवत नाही. विचारायचं सोंग तरी का करायचं?

मला वाटतं, माणसाला कुठंतरी अडतं म्हणून. श्रद्धेच्या नावानं जीव घेणाऱ्यालाही तो असाच घेता येत नाही, वरून होकार लागतो. होकार आला की हात त्याचा राहत नाही. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढं रांगेत उभा असलेला माणूस असलं काही करत नाही. अर्धा किलो, थोडी कलेजी घाला, पैसे दिले, निघाला. आपण जीव विकत घेतलाय, हे त्याला न बोलता माहीत असतं. शिवारातल्या पंगतीत मात्र तसं माहीत असलेला कुणीच नसतो. नवस आजोबांनी बोललेला, मागणी देवीची, होकार बकऱ्याचा, सुरी मुलाण्याची. आपण फक्त जेवणारे.

आमच्या घरची ही रीत आजीनं बंद केली. कुठल्या चळवळीमुळं नाही. एका वर्षी तीच बकऱ्याला चारापाणी करत होती, ते तिच्या मागंमागं फिरायचं, आणि तिनं जाहीर केलं की यंदापासून कोहळा. कोहळ्याला मधोमध चिरून आत कुंकू भरायचं आणि तोच बळी म्हणायचा, ही पर्यायी रीत सगळ्यांना ठाऊक होतीच. चुलते बिथरले. "देवी कोपली म्हंजी?" आजी म्हणाली, "कोपली तर माझ्यावर कोपंल. माझं नाव सांग." हे वाक्य घरात पुढं चेष्टेत वापरलं जायचं. दूध नासलं, मोटार जळाली, एसटी चुकली की "आजीचं नाव सांग". पण चेष्टा सोडली तर आमच्या सगळ्या खानदानात देवीच्या बाबतीत स्वतःच्या नावावर काहीतरी घेणारी ती पहिली बाई. तोवर सगळं देवीच्याच खात्यावर होतं.

काळूबाईच्या डोंगरावर ज्यांनी झाडं पाहिली असतील त्यांना तिथल्या खोडांना ठोकलेल्या काळ्या बाहुल्या आठवतील. लिंबं, बिबे, खिळे, आणि कुठं कुठं माणसांचे फोटो. कुणाचा भाऊबंद, कुणाची सवत, कुणाचा कोर्टातला विरोधक. समोरच्याचं वाटोळं व्हावं ही इच्छा, आणि ते करायचं देवीनं. खिळा ठोकणारा माणूस खाली उतरून चहा पिऊन घरी जातो. त्याला कुणी खुनी म्हणणार नाही, आणि तो नाहीच. पण आपल्या द्वेषाचं काम दुसऱ्यावर सोपवायची सवय त्याच्या हातात आहे.

25 जानेवारी 2005 ला त्याच डोंगरावर चेंगराचेंगरी झाली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, गर्दी दाटलेली, माणसं पडली ती पडलीच. मग दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग बसला, मंदिर परिसरात पशुहत्येला बंदी आली. गावागावांत मात्र त्या आठवड्यात एकच चर्चा होती, देवी कोपली. पायऱ्या किती अरुंद होत्या, वाट किती माणसांची होती, हे विचारण्यापेक्षा ते सोपं होतं.

साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. देवळं सुंदर आहेत, काळ्या दगडाची, आणि घाटावर समाध्या. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी तिथं दाखवतात, शाळेच्या सहलीतली पोरं तिच्याभोवतीच जास्त रेंगाळतात. मला तिथं गेल्यावर सकवारबाई आठवते.

15 डिसेंबर 1749 ला शाहू महाराज वारले. सकवारबाई त्यांची राणी. गादीवर कुणाला बसवायचं यावरून तिचं आणि पेशव्यांचं पटत नव्हतं. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला जेम्स ग्रँट डफ याने 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात पुढची हकीकत दिली आहे. आपलं राजकारण झाकण्यासाठी राणी उघडपणे सांगत असे की महाराजांचं काही झालं तर मी सती जाणार. महाराज गेले, आणि ते बोलणंच तिच्या गळ्याशी आलं. नानासाहेब पेशव्यांनी तिला निरोप पाठवला की आपण सती जाण्याचा विचारही करू नये, आम्ही सगळे आपले हुकमाचे ताबेदार आहोत. वरवर विनंती, आत डिवचणं. दुसरीकडं तिच्या भावाला, शिर्क्यांना, बोलावून सांगितलं की बहीण मागं हटली तर घराण्याला बट्टा लागेल, आणि तिला राजी केलंत तर कोकणात जहागीर. राणी सती गेली.

डफ इंग्रज सरकारचा माणूस, पेशव्यांबद्दल त्याच्या मनात प्रेम असायचं कारण नव्हतं, तेव्हा त्याच्या तिखटमिठात थोडी वजावट करून वाचावं. पण वजावट करूनही जे उरतं ते पुरेसं आहे. चितेवर चढताना तिला कुणी धरून ढकललं असं डफही म्हणत नाही. ती 'स्वखुशीनं' गेली. लोकांनी नमस्कार केले असतील, कुणी ओटी भरली असेल, आणि ज्यांना ती नको होती त्यांनीही हात जोडले असतील. पाणी ओतणारे वेगळे, थरथरणारी वेगळी, आणि सगळ्यांच्या तोंडी पातिव्रत्य.

धर्मकथांची यातली बाजू मला सोपी वाटत नाही. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणीची कथा आमच्या घरात श्रावणात सांगितली जायची. दारात अतिथी येतो, तुमच्या चिलया बाळाचं मांस वाढा म्हणतो. चांगुणा पोराचं शिर तेवढं बघायला म्हणून मागं ठेवते, तर अतिथी तेही मागतो, आणि वर अट घालतो की उखळात कांडताना डोळ्यांत पाणी येता कामा नये. सांगताना आजीचा आवाज या ठिकाणी हमखास बसायचा. चिलया स्वतः तयार असतो, आईबापाला धीर देतो. इब्राहिम पैगंबरांच्या कथेतही मुलगा बापाला म्हणतो की तुम्हाला जी आज्ञा झालीय ती करा. दोन्हीकडं लेकरू राजी. दोन्हीकडं लेकरू शेवटी परत मिळतं, कारण सांगणाऱ्यालाही ते परत दिल्याशिवाय गोष्ट संपवता आली नाही.

लहानपणी मला ही कथा क्रूर वाटायची. आता तिच्यातली एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते. श्रियाळानं शेजाऱ्याचं पोर दिलं नाही. देवाला द्यायचं तर आपल्या काळजाचा तुकडा द्यायचा, एवढं तरी त्या कथेला कळत होतं. आज जे धर्मासाठी काहीही करायला तयार आहोत म्हणतात, त्यांच्या त्या 'काहीही'मध्ये नेमकं दुसऱ्याचं लेकरू असतं.

20 ऑगस्ट 2013, मंगळवार. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात सकाळी फिरायला निघालेले होते. ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे, ज्या माणसानं आयुष्यभर धर्म घासूनपुसून माणसाच्या उपयोगी करायचा खटाटोप केला. सातारकरांना दाभोलकर पेपरातून कळायची गरज नव्हती. इथंच त्यांनी डॉक्टरकी केली, व्यसनमुक्ती केंद्र काढलं, इथलीच पोरं त्यांना कबड्डीपटू म्हणून ओळखत होती. शिक्षण तिकडं सांगलीला विलिंग्डनमध्ये आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. मुलाचं नाव मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंवरून हमीद ठेवलेलं. देहदान करून ठेवलं होतं, पण शवविच्छेदन झाल्यामुळं ते होऊ शकलं नाही. साताऱ्यात कुठल्याही विधीविना अंत्यसंस्कार झाले, अग्नी मुलीनं, मुक्तानं दिला.

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते, तो खुनानंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून निघाला. डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावात पहिलाच उल्लेख नरबळीचा आहे. देवाला मानू नका असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल असं किती जणांना किती वर्षं सांगितलं जात होतं! वारी चालू आहे, सत्यनारायणाचा शिराही.

त्या दिवसांत साताऱ्यात एका सलूनमध्ये बसलो होतो. टीव्हीवर तीच बातमी. खुर्चीवर दाढीला साबण लावून बसलेला माणूस, पन्नाशीचा, सभ्य, आरशातूनच बोलला, "वाईट झालं. असं कुणाला मारू नये. पण देवाच्या वाटंला कशाला जायचं माणसानं?" कुणी काही बोललं नाही. न्हाव्यानं वस्तऱ्यातलं पातं बदललं आणि दाढी सुरू केली. तो माणूस कुणाला चापट मारणाऱ्यातलाही नव्हता. पण हंडा रात्रभर अंगणात ठेवायला अशीच माणसं लागतात. गोळी घालणारे दोघं असतात. त्यांना आपण एकटे नाही असं वाटावं म्हणून हजारो लागतात, आणि त्यांतल्या एकावरही गुन्हा दाखल होऊ शकत नाही, होऊही नये.

10 मे 2024 ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं निकाल दिला. दोघांना जन्मठेप, तिघांची मुक्तता. सूत्रधार कोण हे उघड करण्यात तपास यंत्रणांना अपयश आलं, असं न्यायालयानंच नोंदवलं. अकरा वर्षं लागली आणि हाती आले ते सुरीवाले.

असल्या वेळी गीता पुढं केली जाते. अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की हे सगळे माझ्याकडून आधीच मारले गेले आहेत, तू निमित्तमात्र हो. हा श्लोक खिशात घेऊन फिरणारे मी पाहिले आहेत. त्यांनी पहिला अध्याय वगळलेला असतो. तिथं अर्जुनाचे अवयव गळतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून सुटतं. समोर शस्त्र घेऊन उभे असलेले योद्धे आहेत, दोन्हीकडून शंख वाजलेले आहेत, तरी हा माणूस अठरा अध्याय वाद घालतो. देव स्वतः समोर उभा असताना! आणि आपले लोक सकाळी चालायला निघालेल्या सदुसष्ट वर्षांच्या, हातात काठीही नसलेल्या माणसामागं जातात, आणि त्यांच्यात कुणी हातातलं शस्त्र खाली ठेवून बसल्याचं ऐकू येत नाही. देव न मानणाऱ्यांनीही हेच केलं, हे खरं आहे. स्टालिनच्या रशियात देवाच्या जागी इतिहास होता, आणि माणसं मारायला त्याचाही होकार मिळत गेला.

एक गाठ मात्र मला सोडवता येत नाही. 1943 ते 46 या काळात आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही साताऱ्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. इंग्रजांच्या खबऱ्यांना, गावगुंडांना, गांजणाऱ्या सावकारांना तळपायावर मार बसायचा. काहींचे जीवही गेले. आमच्या भागात ते दिवस छाती फुगवून सांगतात, मीही सांगतो. मग स्वातंत्र्यावरची श्रद्धा चालते आणि देवावरची चालत नाही, असं का? माझं उत्तर अर्धंच आहे. त्या वेळी गावात न्यायनिवाड्याला माणसं बसत, आरोप काय ते बोललं जाई, शिक्षा कुणी दिली हे गावाला ठाऊक असे, आणि देणारेही फासाची तयारी ठेवून होते. आपल्या नावावर घेतलेलं होतं ते. पण खबऱ्या म्हणून मार खाल्लेल्यातला एखादा खबऱ्या नसेल तर? त्याच्या नातवाला माझं हे उत्तर मी तोंड वर करून सांगू शकेन असं वाटत नाही.

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमाव जमला. कारण, समाजमाध्यमावरचा आक्षेपार्ह मजकूर. कुणाच्या खात्यावरून आला, खातं कुणी वापरलं, याची शहानिशा करायला पोलीस असतात. जमावाला तेवढा वेळ नव्हता. मशिदीवर हल्ला झाला, आत असलेल्यांना मारहाण झाली, एक तरुण मेला, अनेक जखमी झाले. जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. ज्या जिल्ह्यात काळूबाईचं बकरं मुलाण्याशिवाय चालत नव्हतं, त्या जिल्ह्यात. पूर्वी हंडाभर पाणी रात्रभर गार करायला लागायचं. आता मोबाइलवर एक चित्र यायला तीन सेकंद लागतात, आणि गावच्या गाव अंग झाडतं.

ते इंटरनेट परत चालू झाल्यावर माझ्या पुतण्यानं स्टेटस ठेवलं, धर्मासाठी मरायलाही तयार आणि मारायलाही. मागं भगवा, पुढं वाघ. पोरगा चांगला आहे, एमआयडीसीत सुपरवायझर, आईला दर महिन्याला गोळ्या आणून देतो. मी फोन केला.

"मारायला म्हणजे कुणाला रे?"

"तसं न्हाई काका. आपलं असंच."

"असंच म्हणजे? नाव सांग की एक. गावातल्या कुणाला?"

"काका, तुमी लईच शिरेस घेताय."

"मुलाण्यांचा सलीम तुझ्याच शिफ्टला आहे ना?"

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "सलीम येगळा."

"आणि सलीमच्या भावाला बघितलंस कधी?"

"न्हाई."

"मग तो?"

"काका, गाडी चालवतोय, ठेवतो."

त्यानं स्टेटस काढलं नाही. चोवीस तासांनी ते आपोआप गेलं, आणि दिवाळीच्या आसपास दुसरं लागलं, त्यात वाघाच्या जागी सिंह होता. सलीमनं ते पाहिलं असणार, दोघंही अजून एकाच गाडीवरून कामाला जातात.